काउमार्विइतची हिरवी घरे : इकालुइतमधले पाच दिवस

पहिला दिवस : झाडे संपतात तिथे

ओटावाहून उत्तरेकडे निघालेले विमान सुमारे तीन तासांत इकालुइतला पोहोचते, आणि त्या तीन तासांत खिडकीखालची झाडे खुजी होत होत शेवटी दिसेनाशी होतात. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. तापमान सहा अंश होते, पण वारा असा होता की विमानतळाच्या दारातून गाडीपर्यंत जाईतो माझे कान बधिर झाले. भाची न्यायला आली होती. ती गेली सहा वर्षे इथल्या एका माध्यमिक शाळेत समाजशास्त्र आणि इतिहास शिकवते. मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत 31 वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे तिने फोनवर, "मावशी, या वर्षी वर्गाला काउमार्विइत बेटावरची जुनी घरे दाखवायला नेते आहे, तू येच," असे म्हटल्यावर मी फार विचार केला नाही.

इकालुइत ही नुनावुतची राजधानी आहे. इनुइट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या या भागातले मूळ रहिवासी, बहुसंख्य असलेला कॅनडाचा हा प्रदेश 1 एप्रिल 1999 रोजी अस्तित्वात आला. गावाच्या नावाचा अर्थ 'पुष्कळ माशांची जागा' असा होतो, आणि 1987 पर्यंत नकाशांवर त्याचे नाव एका इंग्रज दर्यावर्दीवरून 'फ्रोबिशर बे' असे छापले जात असे. 2021 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 7,429 भरली. बाहेरून इथे येणारा एकही रस्ता नाही. माणूस, भाजी आणि वह्या-पुस्तके विमानाने येतात किंवा उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगते. निवासाची सोय कित्येक महिने आधी करावी, कारण खोल्या कमी आहेत आणि महागही आहेत. वारा अडवणारे जाकीट, लोकरीची टोपी आणि पाण्यात टिकतील असे बूट ऑगस्टमध्येही लागतात. शाकाहारी माणसाने कोरडे खाणे बरोबर न्यावे. मी दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती आणि ती बेटावर कामाला आली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवावेत, कारण इथे होडी केव्हा सुटणार हे वारा आणि भरती ठरवतात.

दुसरा दिवस : कचऱ्याचा डबा आणि पाच खलाशी

भाचीच्या वर्गात तेरा-चौदा वर्षांची एकोणीस मुले होती, त्यांतली बहुतेक इनुइट. तिने आठवडाभर वर्गातला कचऱ्याचा डबा रिकामा करू दिला नव्हता. तो टेबलावर ठेवून मुलांना वरून खाली एकेक थर काढायला सांगितला. सर्वांत वर आजचे संत्र्याचे साल होते, मध्ये बुधवारच्या चाचणीचे बोळे आणि तळाशी सोमवारी कोणाच्या तरी वाढदिवसाला आणलेल्या केकचे कागद. "जे खाली, ते जुने," हे वाक्य मुलांनी तिच्याआधी उच्चारले. मग तिने विचारले की या डब्यावरून वर्गाबद्दल काय सांगता येणार नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एक मुलगा म्हणाला की वर्गात कोण कोणावर रुसले होते ते डबा सांगणार नाही, त्यासाठी कोणाला तरी विचारावे लागेल. मी मागच्या बाकावर बसून ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

त्या उत्तरावरूनच दुपारचा तास सुरू झाला. मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज कप्तान 1576, 1577 आणि 1578 अशी सलग तीन वर्षे या उपसागरात आला होता. पहिल्या वर्षी त्याचे पाच खलाशी किनाऱ्यावर गेले आणि परतले नाहीत. इथल्या काळ्या दगडात सोने आहे अशा समजुतीने तिसऱ्या वेळी तो 15 जहाजे घेऊन आला, आणि वाहून नेलेला सगळा दगड कवडीमोलाचा निघाला. पुढे इंग्लंडमध्येही ती खाणीची जागा नेमकी कुठे होती याचा विसर पडला. त्यानंतर जवळजवळ तीन शतकांनी, 1861 मध्ये, चार्ल्स फ्रान्सिस हॉल हा अमेरिकन प्रवासी तुकुलितो आणि तिचा नवरा एबिएरबिंग या इनुइट दुभाष्यांसह इथे हिंडत होता. तेव्हा ओकिजोक्सी निनू नावाच्या वृद्धेने त्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेली हकीकत सांगितली. गोऱ्यांची जहाजे आधी थोडी आली, मग पुष्कळ आली, आणि पाच माणसे मागे राहिली. तिने सांगितलेल्या बेटावर हॉलला खणलेले चर, कोळसा आणि कौलांचे तुकडे सापडले. ज्या लोकांना लिपी नव्हती त्यांनी हे सारे कागदाशिवाय सांभाळले होते.

भाचीने याच गोष्टीची दुसरी बाजूही झाकली नाही. 1577 मध्ये फ्रोबिशरने एक पुरुष, एक स्त्री आणि एक तान्हे मूल पकडून इंग्लंडला नेले. थोड्याच काळात तिघेही मरण पावले. इंग्रजांनी स्त्रीचे नाव 'अर्नाक' असे लिहून ठेवले आहे. हे ऐकताच पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण अर्नाक म्हणजे तर नुसतं 'बाई'. तिचं नाव त्यांना कळलंच नाही." मुलाच्या नावाखाली लिहिलेला शब्दही 'लेकरू' या अर्थाच्या शब्दासारखाच आहे, हे तिनेच पुढे दाखवले. जो कागद आपण पुरावा म्हणून पुढे ठेवतो, तो त्या भाषेत वाढलेल्या मुलाच्या हाती दिला की लगेच वेगळे बोलू लागतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

संध्याकाळी हडसन्स बे या व्यापारी कंपनीच्या जुन्या इमारतीतले नुनाता सुनाकुतांगित संग्रहालय पाहिले. संग्रहालय लहान आहे, पण बेटावर जाण्यापूर्वी तिथे जरूर जावे. कुल्लिक म्हणजे चरबीच्या तेलावर जळणारा दगडी दिवा, उलू म्हणजे बायकांची अर्धगोल सुरी, आणि हार्पूनची, म्हणजे शिकारीच्या भाल्याची, सुळ्यांपासून केलेली टोके एकदा जवळून पाहिली की पुढे जमिनीतले दगड वाचायला सोपे जातात.

तिसरा दिवस : वाऱ्याने दिलेली सुट्टी

सकाळी होडीवाल्याचा निरोप आला की आज वारा आहे, बेटावर जाता येणार नाही. मुलांना त्याचे काहीच वाटले नाही. आम्ही गावापासून एक किलोमीटरवर असलेल्या सिल्व्हिया ग्रिनेल नदीच्या उद्यानात चालत गेलो. टुंड्रा त्या आठवड्यात लाल आणि तपकिरी झाली होती, आणि जमिनीलगत काळी क्रोबेरी इतकी पिकली होती की तासाभरात सर्वांची बोटे आणि जिभा जांभळ्या झाल्या. करवंदाच्या दिवसांत आमच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, येणाऱ्या मुलांचे ओठ असेच असतात.

याच नदीच्या परिसरात 1948 मध्ये हेन्री कॉलिन्स यांनी 'क्रिस्टल टू' या जागी उत्खनन केले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने इथल्या तळाला दिलेले ते सांकेतिक नाव पुरातत्त्वाच्या नकाशावर कायमचे राहिले. तिथे वरच्या थरात थुले संस्कृतीच्या वस्तू मिळाल्या आणि त्याखाली डॉर्सेट संस्कृतीच्या. थुले म्हणजे आजच्या इनुइट लोकांचे थेट पूर्वज. ते अलास्काकडून सुमारे 800 वर्षांपूर्वी कुत्र्यांच्या गाड्या, कातड्याच्या मोठ्या होड्या आणि देवमाशाची शिकार करण्याची साधने घेऊन पूर्वेकडे आले. डॉर्सेट लोक त्यांच्याही पुष्कळ आधीपासून इथे होते आणि पुढे नाहीसे झाले. डॉर्सेट हे नाव 1925 मध्ये डायमंड जेनेस या संशोधकाने दिले, पण इनुइट आजीआजोबांच्या गोष्टींत ते लोक 'तुनीत' या नावाने आधीपासून होतेच. तुनीत अंगाने धिप्पाड आणि ताकदवान होते, पण बुजरे होते, असे त्या गोष्टी सांगतात.

कालच्या डब्यामुळे थरांची गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. मात्र एका मुलाने विचारले, "थर नसेल आणि नुसते हाड सापडले, तर त्याचे वय कसे कळणार?" भाचीने कार्बनच्या कालमापनाबद्दल सांगितले आणि त्यातली इथली अडचणही सांगितली. समुद्रात जुना कार्बन साठलेला असतो, त्यामुळे सील किंवा देवमाशाच्या हाडाचे वय खऱ्यापेक्षा काही शतके जास्त भरते. म्हणून संशोधक शक्यतो जमिनीवर चरणाऱ्या कॅरिबूचे हाड किंवा खुरट्या विलोची काडी निवडतात. इतका बारकावा आठवीच्या मुलांना सांगावा का, अशी शंका मला आली होती. परतताना मात्र दोन मुले वाटेतल्या प्रत्येक हाडाकडे पाहून 'समुद्राचे' की 'जमिनीचे' यावर हुज्जत घालत होती.

चौथा दिवस : काउमार्विइत

इकालुइतच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक अकरा मीटरच्या घरात जातो. मी खाडीकाठी वाढलेली आहे, पण ओहोटीला समुद्र इतका दूर जाताना आणि मागे इतका चिखल आणि धोंडे उघडे पडताना कधी पाहिले नव्हते. म्हणून सकाळची भरती साधून दोन होड्यांतून आम्ही निघालो. शिक्षक, मुले आणि मी यांच्याखेरीज बरोबर एक आजी होत्या. सगळा वर्ग त्यांना 'अनानात्सियाक', म्हणजे आजी, असेच म्हणत होता. ध्रुवीय अस्वलाच्या भीतीने होडीवाल्याजवळ बंदूक होती. वाटेत तो सांगत होता की 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, तो शाळेत असताना, याच बाजूच्या तुंगात्सिव्विक या जागेच्या उत्खननात शाळकरी मुलांना घेतले होते. त्या वेळी आपण ब्रशने माती झाडली होती, आणि दगडी दिव्याचा एक तुकडा निघाल्यावर दिवसभर जेवलो नव्हतो, हे सांगताना त्याचा आवाज बदलला.

काउमार्विइत हे गावाच्या पश्चिमेला सुमारे 12 किलोमीटरवरचे छोटे बेट आहे. नावाचा अर्थ 'उजळणारी जागा' असा सांगतात. होडीतून उतरल्यावर भाचीने मुलांना काहीच दाखवले नाही. ती एवढेच म्हणाली, "घरे शोधा." खडकाळ, राखाडी बेटावर मुले पांगली, आणि पाचेक मिनिटांत एका मुलीने हाक मारली. तिला घर दिसले नव्हते, तिला हिरवे दिसले होते. आजूबाजूला लव्हाळेही धड उगवत नसताना काही खळग्यांत गवत दाट आणि गर्द होते. शेकडो वर्षे त्या घरांच्या दारात टाकलेली हाडे, चरबी आणि उरलेसुरले अन्न यांनी तिथली माती कसदार केली होती. पुरातत्त्वज्ञही या प्रदेशात जुन्या वस्त्या अशाच ओळखतात.

इथे थुले लोकांच्या हिवाळी घरांचे 11 अवशेष आहेत. उत्खननात 3,000 हून अधिक हत्यारे व वस्तू आणि 20,000 हून अधिक हाडे मिळाली. जमीन थोडी खणून दगडांच्या भिंती रचायच्या, देवमाशाच्या बरगड्या आणि जबड्यांचे वासे करायचे, त्यावर कातडी आणि मातीसकट गवताच्या लाद्या घालायच्या, अशी त्यांची बांधणी होती. छप्पर आता उरलेले नाही. उरला आहे तो दगडांनी वेढलेला खळगा, आणि शिकवले नाही तर तो खळगाच राहतो.

काहीही उकरायचे नाही, उचलायचे नाही, भिंतीवर पाय ठेवायचा नाही, ही ताकीद होतीच, कारण परवान्याशिवाय अशा जागी दगड हलवणेही नुनावुतच्या कायद्यात बसत नाही. मुलांकडे फक्त मोजपट्टी, दोरी, होकायंत्र आणि आखीव कागद होते. चौघांच्या गटाला एकेक घर दिले होते. मी ज्या गटाबरोबर होते त्यातल्या एका मुलाने प्रवेशाच्या बोळाची खोली तीनदा मोजली, कारण त्याला आपलीच चूक वाटत होती. बोळाचा तळ घराच्या जमिनीपेक्षा खाली होता. दार खाली ठेवून आत शिरताना वर चढायचे, हे त्याला पटेना. आजी जवळच्या दगडावर बसून पाहत होत्या. त्या इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे इनुइट भाषेत, काहीतरी बोलल्या आणि हाताचा तळवा जमिनीलगत सरकवून दाखवला. मुलाने एकदम मान वर केली आणि म्हणाला, "थंडी चढत नाही!" थंड हवा जड असते, ती बोळात साचून राहते. आत आलेला माणूस तिच्यातून वर येतो, आणि मागच्या उंच दगडी चौथऱ्यावर, जिथे सगळे झोपतात, तिथे दिव्याची ऊब टिकते. विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा त्या मुलाने याआधी नक्कीच वाचला असणार. पण त्याच्याच पूर्वजांनी तो दगडात बांधून ठेवला आहे, हे त्याला त्या क्षणी कळले.

मग आजी उठल्या. बोळाच्या तोंडाशी उभ्या राहून त्यांनी घर भरायला सुरुवात केली. दिवा कुठे, त्याच्यावर ओले बूट वाळत घालायची काठी कुठे, वात नीट ठेवणारी बाई कुठे बसणार, म्हातारी माणसे कुठे, लेकरे कुठे. त्यांचे स्वतःचे बालपण अशाच, पण लाकूड आणि कॅनव्हास वापरून बांधलेल्या कार्माकमध्ये गेले होते, त्यामुळे त्या आठवून सांगत नव्हत्या, हाताने दाखवत होत्या. खिडकीला काच नसे, सीलच्या आतड्याचे पातळ पापुद्रे शिवून लावत. हे सांगताना त्यांनी मागे वळून एका मुलीला हाक मारली, "अनाना!" अनाना म्हणजे आई. ती चौदा वर्षांची मुलगी "हो" म्हणून पुढे आली.

मला वाटले माझी ऐकण्यात चूक झाली. भाचीने हळू आवाजात समजावले. मेलेल्या माणसाचे नाव नव्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर त्याचे नातेही बाळाकडे येते. या मुलीला आजींच्या आईचे नाव दिलेले होते, म्हणून आजी तिला आई म्हणत होत्या. आजींनी तिला दिव्याच्या जागेसमोर, बोळाच्या बाहेरच्या कडेला, बसायला सांगितले आणि बाकीच्या मुलांना म्हणाल्या, "आता विचारा हिला, हे घर कसे चालवतात." मुलगी लाजली नाही. तिने उत्तरे दिली, अडली तिथे आजींकडे पाहिले. बाकीच्यांनी आपल्या कागदांवरच्या आकृत्यांत माणसे भरायला घेतली. तो अर्धा तास मला नीट लिहिता येत नाही. एवढेच सांगते की खळग्याचे घर होताना मी पाहिले.

जेवणाला कॅरिबूचे वाळवलेले मांस होते, त्याला निक्कू म्हणतात, आणि 'आर्क्टिक चार' नावाचा वाळवलेला मासा होता. सुकट आणि सुक्या बोंबलावर वाढलेल्या माणसाला त्या माशाची ओळख करून घ्यावी लागत नाही. माझ्या दशम्या मुलांनी चटणीशिवाय आणि आजींनी चटणीसकट खाल्ल्या.

बेटावर जाणाऱ्यांनी गावातल्या परवानाधारक वाटाड्याबरोबरच जावे आणि त्याने सांगितलेली परतीची वेळ पाळावी, ओहोटी थांबत नाही. बेटावर थडगीही आहेत. तिथे फोटो काढू नयेत. ज्येष्ठांचे आणि मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. आम्ही मुलांचा एकही काढला नाही.

पाचवा दिवस : चुकीचा नकाशा

शेवटच्या दिवशी 11 पैकी 5 घरांच्या आकृत्या वर्गाच्या भिंतीवर लागल्या आणि आजी त्या तपासायला आल्या. एका आकृतीपुढे त्या बराच वेळ थांबल्या. मोजमाप अचूक होते, पण मुलांनी दोन दिवे एकाच बाईला दिले होते. त्यांच्या मते दोन दिव्यांच्या जागा असतील तर घरात दोन बायका, म्हणजे दोन कुटुंबे राहत असणार. भाचीने उत्खननाच्या अहवालांची भाषा वापरून तीच गोष्ट पुढे नेली आणि मुलांनी आकृती पुन्हा काढली. आजींचे म्हणणे आणि मोजपट्टीचे म्हणणे यांत तिने कोणाला वरचढ ठरवले नाही, दोघांनाही प्रश्न विचारायला लावले. मी इतकी वर्षे शिकवले, पण आमच्या तालुक्यातल्या सड्यावर कातळशिल्पे असताना, आणि तिथे गुरे चारणाऱ्या आज्या शाळेच्या फाटकाबाहेर नातवंडांची वाट पाहत बसलेल्या असताना, त्यांना एकदाही वर्गात बोलावले नाही, याचे मला त्या भिंतीसमोर मनापासून वाईट वाटले.

एका मुलाने विचारले की त्या 3,000 वस्तू आता कुठे आहेत. उत्तर सोपे नव्हते. पूर्वी इथून निघालेल्या वस्तू दक्षिणेकडच्या संग्रहालयांत जात. 1993 च्या नुनावुत करारानंतर नव्याने सापडणाऱ्या वस्तूंवर सरकार आणि इनुइट हेरिटेज ट्रस्ट यांची संयुक्त मालकी ठरली, पण त्या सगळ्या मावतील अशी वास्तू नुनावुतमध्ये अजून उभी राहायची आहे. ती इकालुइतमध्ये बांधण्याची योजना आहे. "म्हणजे आम्हाला आमच्याच वस्तू बघायला विमानाने जावे लागते," तो म्हणाला. भाचीने ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि पुसले नाही.

संध्याकाळी आजींनी आम्हा दोघींना चहाला बोलावले. चहाबरोबर गरम बॅनॉक, म्हणजे तव्यात भाजलेली जाड रोटी, होती. त्यांनी मला माझे नाव कोणाचे आहे ते विचारले, आणि भाची दुभाषी झाली. मी सांगितले की माझ्या वडिलांच्या आईचे. आमच्याकडे सुनेने सासूचे नाव तोंडाने घ्यायचे नाही अशी रीत होती, म्हणून माझी आई मला कधीच नावाने हाक मारत नसे, 'बाय' म्हणे. हे भाषांतरित होत असताना आजींचा चेहरा खुलला. त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या आईला ठाऊक होतं तू कोण आहेस ते." मग त्यांनी विचारले की आता ते नाव कोणाकडे आहे. माझ्यानंतर घरात कोणालाच ते दिलेले नाही, असे मला सांगावे लागले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी किटली उचलून माझा पेला पुन्हा भरला, आणि भाचीकडे पाहून इनुक्टिटुटमध्ये एक वाक्य म्हणाल्या. भाचीने ते वाक्य मला सांगितले नाही. ती सात महिन्यांची गरोदर होती, आणि हसत होती.